मंडीदीपच्या तळ्यावरचा फ्लेमिंगो

माझी एक वेबसाइट आहे. त्यावर ‘सध्या’ नावाचं एक पान आहे. दर महिन्याला मी तिथे थोडंथोडं लिहायचो. कामात काय चाललंय, छंद कुठवर आला, साइटची काय डागडुजी केली, इतकंच. काम म्हणजे औषधांच्या गोदामांचा साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर. कंपनी पुण्याची, मी भोपाळच्या घरात बसून ते लिहितो. छंद म्हणजे पक्षी पाहणं. आणि साइटची डागडुजी म्हणजे कोणी न पाहिलेल्या कोपऱ्यात रंग बदलणं, अक्षरं दोन ठिपक्यांनी मोठी करणं आणि त्याबद्दल पुन्हा लिहिणं.

वाचणारे किती होते? बायको, पुण्यातले दोन जुने सहकारी, आणि भोपाळमधले पक्षी पाहणारे वीस-पंचवीस लोक. त्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, मीही त्यात होतो. नवीन काही लिहिलं की तिथे त्याचा दुवा आणि हिंदीत दोन ओळी टाकायचो आणि मग दिवसभर दर दहा मिनिटांनी पाहायचो, कोणी अंगठा दाखवला का.

त्या लोकांत एक काका होते. वय पंचाहत्तरच्या आसपास, कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी झालेली, राहायला सोनागिरीत. त्यांचे वडील साताऱ्याकडून बदली होऊन इथे आले होते. सगळा जन्म भोपाळात जाऊनही काकांचं मराठी मात्र तिकडचंच राहिलं होतं, स्वच्छ आणि जरा जुन्या वळणाचं. माझी त्यांची ओळख त्यांच्या मेलमुळे झाली. मी शिक्रा म्हणून एक फोटो टाकला होता. दुसऱ्या दिवशी दोन ओळी आल्या: ‘आपण टाकलेला पक्षी शिक्रा नसून पावशा आहे. चोच पाहावी. बाकी लेखन आवडले.’ मी चोच पाहिली. पावशाच होता. मी फोटोखालचं नाव बदललं आणि त्यांना आभाराचा मेल लिहिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लिखाणावर त्यांच्या दोन ओळी यायच्या. आम्ही दोनतीनदा तळ्याकाठी भेटलोही. ते गुडघे दुखत असूनही घडीचं स्टूल स्वतःच उचलायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत.

ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा असे. एखाद्या पक्ष्यावरून वाद झाला की कोणीतरी लिहायचं, ‘काकाजी से पूछो.’ काका उत्तर द्यायला एक दिवस घ्यायचे. वही पाहून मग लिहायचे. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असं लिहायचे.

त्या हिवाळ्यात माझं काम बिघडलं होतं. मी एका भागाचा प्रमुख होतो आणि रोज सकाळच्या कॉलवर ‘झालंच आहे जवळजवळ’ म्हणत होतो. सहा आठवडे म्हटलं. शेवटी माझ्या वरच्या बाईंनी स्वतः बसून तपासलं तर निम्मंही झालेलं नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “तू मला पहिल्या आठवड्यात सांगितलं असतंस तर मी दोन माणसं दिली असती.” प्रमुखपण दुसऱ्याकडे गेलं. मी त्याच टीममध्ये राहिलो, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेल्या माणसाला रोज हिशेब देत.

हे ‘सध्या’ पानावर कसं लिहिणार? मी तीन महिने काहीच लिहिलं नाही. दुर्बीण कपाटात होती. सकाळी उठवत नव्हतं. पान उघडलं की वर तीन महिन्यांपूर्वीची तारीख दिसायची आणि मला ती बंद दुकानाच्या पाटीसारखी वाटायची. एका रविवारी दुपारी ठरवलं, आज काहीतरी लिहायचंच. कामाबद्दल लिहिलं की ‘नव्या जबाबदाऱ्या घेतल्या आहेत.’ साइटबद्दल लिहिलं की फोटोंची पानं आता लवकर उघडतात. छंदापाशी येऊन अडलो.

जुने फोटो चाळता चाळता भिगवणचा एक फोटो सापडला. पुण्यात असताना, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, आम्ही दोघं उजनीच्या पाण्यावर होडीतून फ्लेमिंगो पाहायला गेलो होतो. थव्यापासून दूर एक पिल्लू एकटंच उभं होतं. फ्लेमिंगोची पिल्लं गुलाबी नसतात, करडी-मळकट असतात. फोटोतलं ते पिल्लू पाहून माझ्या मनात पहिल्यांदा आलं की हे कुठलंही तळं असू शकतं. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात होडीची कड होती आणि तिच्यावर बायकोचा हात होता. मी तो कोपरा कापला.

मग लिहिलं: ‘आज पहाटे मंडीदीपला कारखान्यांच्या मागच्या तळ्यावर एक पाहुणा दिसला. वाट चुकलेलं फ्लेमिंगोचं पिल्लू. पंधरा मिनिटं आम्ही दोघंच होतो, तो आणि मी.’

‘तो आणि मी’ हे शब्द लिहून मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला ते आवडले, हे आज लिहिताना कान तापतात. मी स्वतःला समजावलं की फोटो माझाच आहे, पक्षी खरा आहे, बदललंय ते फक्त जागेचं नाव. दुवा ग्रुपवर टाकला. तासाभरात इतके निरोप आले की तितके मला वर्षभरात आले नव्हते. मंडीदीप भोपाळजवळच, आणि इथे फ्लेमिंगो म्हणजे मोठी बातमी होती.

बायको बिट्टन मार्केटच्या हाटातून आणलेली मेथी निवडत बसली होती. ती इंदूरची, तिचं मराठी इंदूरचं. मोबाईलवर फोटो पाहून म्हणाली, “तू मंडीदीपला कधी गेला?”

मी म्हटलं, “सकाळी.”

“सकाळी तू झोपला होता. मीच चहा ठेवला नं तुझ्यासाठी.” मग तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. “हा भिगवणचा आहे. मी होते त्या होडीत.”

“फोटो माझाच आहे ना पण. कोणाला काय फरक पडतो?”

“बरं,” ती म्हणाली आणि मेथीची पुढची जुडी सोडली. त्या विषयावर ती पुढे बरेच दिवस काही बोलली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी काकांचा मेल आला. नेहमीपेक्षा लांब. ‘अभिनंदन. मी गेली चाळीस वर्षे या भागात पाहतो आहे, इथे फ्लेमिंगो पाहिलेला नाही. पिल्लू कोणत्या काठाला होते? पाणी किती खोल होते? चरत होते की नुसते उभे होते?’

इथे मी थांबू शकलो असतो. एका ओळीचं काम होतं. पण मी उत्तरं रचली. दक्षिणेचा काठ, बाभळींच्या बाजूला. गुडघाभर पाणी. मान खाली घालून चरत होतं. उत्तरं देताना मी तळ्याचं चित्र नकाशावर उघडून ठेवलं होतं, कारण त्या तळ्यावर मी आयुष्यात एकदाही गेलेलो नव्हतो.

सोमवारी काका बसने मंडीदीपला गेले. संध्याकाळी मेल आला: ‘दिसले नाही. धुके होते. उद्या पुन्हा जातो.’ मी लिहिलं, ‘उडून गेलं असेल काका, त्रास घेऊ नका.’ त्यांचं उत्तर आलं की एकटं पिल्लू खायला मिळालं तर काही दिवस थांबतं, जाऊन पाहायला हवं. मी मेल मिटला आणि कामाचा कॉल होता म्हणून तिकडे वळलो. कॉलवर मी त्या दिवशी फार उत्साहात होतो, हे मला आठवतं. मी कोणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर दिलं आणि सगळे “छान” म्हणाले.

गुरुवारी ग्रुपमधल्या एका डॉक्टरांनी माझा फोटो पुन्हा टाकला. त्याच्या मागच्या काठावर दूर कुठेतरी काहीतरी वाळत घातलेलं दिसत होतं, त्यावर त्यांनी लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, ‘ये मछली के जाल हैं. मंडीदीप के उस तालाब में मछली का ठेका बरसों से बंद है. भाई साहब, ये फोटो सच में वहीं का है?’

मी होडीची कड कापली होती. जाळी पाहिलीच नव्हती.

मी काही लिहिलं नाही. आणखी दोघांनी विचारलं. मी ऑनलाइन दिसू नये म्हणून मोबाईल उलटा ठेवला, जणू तसं केल्याने काही होतं. दुपारी मोबाईल सुलटा केला तेव्हा काकांचा निरोप होता, मराठीत नाही, सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत: ‘मैंने स्वयं देखा है. बुधवार सुबह, दक्षिण किनारे पर. शंका न करें.’

त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. विषय संपला.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटकेचं होतं. ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्यांदा जे वाटलं ते वेडेपणाचं होतं. मला वाटलं, कोण जाणे, खरंच एखादं पिल्लू तिथे आलं असेल. काका खोटं बोलणार नाहीत, म्हणजे पक्षी असलाच पाहिजे. शनिवारी सकाळी मी दुर्बीण काढली आणि स्कूटर घेऊन मंडीदीपला गेलो. माझ्याच खोट्याची खातरजमा करायला मी वीस-बावीस किलोमीटर गेलो.

तळं कारखान्यांच्या भिंतीमागे होतं. पाणी कमी, काठाला प्लास्टिक, चार बगळे, दोनतीन टिटव्या, पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या. दक्षिणेच्या काठाला बाभळी नव्हत्याच. तिथे निलगिरीची एक सरळ रांग होती. नकाशावर वरून पाहताना झाड कुठलं ते कळत नाही. म्हणजे काका तिथे पोचल्याबरोबर त्यांना कळलं असणार की माझं वर्णन जुळत नाही.

कोपऱ्यावर चहाची टपरी होती. चहावाल्याने माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून विचारलं, “आप भी वो चिड़िया देखने आए हो?”

मी विचारलं, “और कौन आया था?”

“एक बुजुर्ग हैं. चार दिन आए. कनटोप, मफलर, अपना छोटा स्टूल. सुबह पहली बस से आते थे, दोपहर तक बैठते थे. मुझसे रोज़ पूछते, भैया, लंबी टाँगों वाली, मटमैली सी देखी क्या? मैंने कहा बाबा, यहाँ तो वही बगुले हैं. परसों जाते-जाते बोले, शायद मेरी ही आँख चली गई.”

मी चहा अर्धा टाकून निघालो.

घरी येऊन मी काय केलं? काकांना फोन केला नाही. मी साइटच्या डागडुजीला बसलो. गेले वर्षभर मी साइट जुन्या सॉफ्टवेअरवरून नव्यावर न्यायचं म्हणत होतो. त्या दोन दिवसांत नेली. सगळी पानं नीट हलवली, एक सोडून. मग ‘सध्या’वर लिहिलं: ‘साइट नव्या जागी हलवली आहे. या गडबडीत एखाद-दुसरं जुनं पान गहाळ झालं असेल तर क्षमस्व.’ हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं. कुठे खोटं दिसत नव्हतं. कामात मी शिकलो होतो ते हेच, की ‘गहाळ झालं’ असं लिहिलं की करणारा कोणी उरत नाही.

आठ-दहा दिवस गेले. मग काकांचा मेल आला. ‘आपले फ्लेमिंगोचे पान उघडत नाही. आपल्याकडे फोटोची प्रत असल्यास कृपया पाठवावी. छापून वहीत चिकटवायची आहे. सध्या बाहेर पडत नाही, म्हणून वही आवरतो आहे.’

बायको शेजारी बसली होती. तिने वाचलं. “पाठवणार का त्यांना?” एवढंच विचारलं.

मी म्हटलं, “मी जाऊन येतो.”

“जाऊन ये,” ती म्हणाली. “फोन करून नको सांगू.”

सोनागिरीतलं त्यांचं घर खालच्या मजल्यावर होतं. दारापाशी तुळस, कुंडीत कढीपत्ता. काकूंनी दार उघडलं. मी कोण हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. “हे मला तुमचंच लिहिलेलं वाचून दाखवतात,” त्या म्हणाल्या. “बरं झालं आलात. जरा समजवा त्यांना. पंधरा दिवस झाले, सकाळी फिरायला जात नाहीत. दुर्बीण पुसून पेटीत ठेवून दिली. म्हणतात, आता माझ्या नजरेवर माझा भरवसा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, मागचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालंय, नजर छान आहे. तरी हे ऐकत नाहीत.”

काका आतून आले. स्वेटर, वर उपरणं गुंडाळलेलं. “या, या,” म्हणाले. काकूंनी पोहे आणले, वर शेव. मी बशी हातात धरून बसलो. काकांनी वही आणली. कारखान्यात वापरतात तशी जाड पुठ्ठ्याची, अक्षर आखल्यासारखं. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. “इथे लावायचा आहे फोटो.”

चौकटीच्या खाली लिहिलं होतं: ‘फ्लेमिंगो, पिल्लू, एक. मंडीदीप.’ मग माझं नाव, आणि ‘यांची नोंद’. त्याखाली: ‘मी चार वेळा गेलो. मला दिसले नाही.’

मी ते दोनदा वाचलं. “काका, तुम्ही तर ग्रुपवर लिहिलंत…”

“ते ग्रुपवर,” ते म्हणाले. “वहीत खोटं लिहीत नाही मी.”

“मग तिथे का लिहिलंत?”

ते थोडे अवघडले. “ते सगळे तुमच्यावर तुटून पडले होते. तुम्ही गप्प होतात. मला वाटलं, माणूस एकटाच होता, आणि एकट्याने पाहिलेलं कोणी मानत नाही. मी तरुण असताना इथल्याच नाल्यात सारसांची जोडी पाहिली होती. कोणी मानलं नाही. कितीतरी वर्षं चेष्टा करायचे, काय, सारस आले का घरी? मला ते लागलं होतं फार. म्हटलं, ह्यांच्या वाट्याला तसं नको. आणि पिल्लू होतंच ना. मला नाही दिसलं, तो माझ्या डोळ्यांचा दोष.”

मी बशी खाली ठेवली. “काका, ते तिथे नव्हतं.”

त्यांचं बोट अजून चौकटीवरच होतं.

“फोटो भिगवणचा आहे. आठ वर्षांपूर्वीचा. मी मंडीदीपला गेलोच नव्हतो. तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं मी नकाशा पाहून लिहिली. पान गहाळ झालं नाही, मी काढलं.”

स्वयंपाकघरात काकूंनी नळ बंद केल्याचा आवाज आला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी वही मिटली, पुन्हा उघडली.

“बाभळी नव्हत्या तिथे,” ते म्हणाले.

“हो.”

“निलगिरी होत्या. मी म्हटलं, त्यांची झाडांत गल्लत झाली असेल.” त्यांचा आवाज चढला नाही, पण बारीक झाला. “चार दिवस मी त्या थंडीत बसलो. डोळे चोळत बसलो. घरी येऊन हिला म्हटलं, माझं संपलं आता. आणि तुम्ही मेल करत होतात, त्रास घेऊ नका म्हणून?”

मी म्हटलं, “माफ करा काका.”

“मला माफी मागून काय उपयोग? तिथे लिहा.”

“घरी गेल्याबरोबर लिहितो.”

“घरी नाही. इथे.”

मी मोबाईल काढला. दिवसभर टाइप करणारा माणूस मी, पण अंगठे चालत नव्हते. पहिल्यांदा लिहिलं ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: “फ्लेमिंगोच्या फोटोबद्दल थोडा गैरसमज झाला होता…”

“कोणाचा गैरसमज?” काकांनी विचारलं.

मी खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, “माझ्याकडून चूक झाली, जागेचं नाव…”

“चूक म्हणजे पावशाचा शिक्रा होतो ती. ही चूक आहे?”

मी पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा लिहिलं: ‘फोटो भिगवणचा आहे. मी मंडीदीपला गेलो नव्हतो. मी खोटं लिहिलं.’ काकांनी मान हलवली. मी ते हिंदीत करून पाठवलं.

मग त्यांनी स्वतःचा मोबाईल घेतला. मला कळलं ते काय करणार आहेत. मी म्हटलं, “काका, तुम्ही नका लिहू. माझ्यामुळे झालं. मी लिहितो की मीच तुम्हाला तसं सांगायला लावलं.”

“आणखी एक खोटं?” ते म्हणाले. “तुम्ही मला काही सांगायला लावलं नाहीत. माझं मी लिहिलं होतं.”

एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी टाइप केलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. काकू दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. माझा मोबाईल थरथरला तेव्हा मला कळलं की निरोप गेला. मी वाचला: ‘मैंने पक्षी नहीं देखा था. देखा ऐसा लिखा. क्षमा करें.’

त्या माणसाला आयुष्यात बहुधा पहिल्यांदा ही ओळ लिहावी लागली आणि ती लिहिताना मी त्यांच्या घरात, त्यांचे पोहे समोर घेऊन बसलो होतो. त्यानंतर मी काय बोललो, निरोप कसा घेतला, मला नीटसं आठवत नाही. काकूंनी दार लावलं, एवढं आठवतं. “पुन्हा या” म्हणाल्या नाहीत.

ग्रुपवर मला वाटलं होतं तसं वादळ झालं नाही. काहींनी लिहिलं, ‘होता है, चलो, मान लिया यही बहुत है.’ डॉक्टरांनी माझ्या निरोपाखाली काहीच लिहिलं नाही. काकांच्या निरोपाखाली लिहिलं, ‘काकाजी, आपसे ये उम्मीद नहीं थी.’ मला सहज माफ केलं गेलं, कारण माझ्याकडून कोणाची फारशी अपेक्षाच नव्हती. किंमत त्यांनी चुकवली. मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं, काका चार दिवस कसे बसले होते तेही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “समझ गया. पर अब उनकी पुरानी एंट्रियाँ भी लोग दोबारा देखेंगे.” एक-दोघांनी खरंच तसं विचारलंही. काकांनी वहीतल्या पानांचे फोटो पाठवून उत्तरं दिली. आणि मग ते ग्रुपमधून बाहेर पडले.

मी पान साइटवर परत लावलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं की हा फोटो कुठला आहे, मी काय खोटं लिहिलं आणि ते लपवायला पान कसं काढलं होतं. कापलेला कोपराही परत जोडला. बायकोने तिचा हात पाहिला. “बांगड्या त्या इंदूरच्या आहेत,” म्हणाली. मी विचारलं, “तू तेव्हाच का नाही अडवलं मला?” ती म्हणाली, “सांगितलं तर होतं. तू ऐकलं कुठे? मला वाटलं, हा उद्या स्वतःच काढेल. रोज सकाळी उघडून पाहायचे, काढलं का म्हणून.” मग म्हणाली, “मलाही लाज येत होती यार, कोणाला काय सांगू.”

‘सध्या’ पानावर त्यानंतर मी कामाबद्दल खरं लिहिलं, प्रमुखपण का गेलं ते. फार थोड्यांनी वाचलं असेल. पुण्याच्या एका सहकाऱ्याने फोन करून विचारलं, बरा आहेस ना. बाकी काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही आणि उजाडलंही नाही.

काकांना मी दोन मेल केले. उत्तर आलं नाही. तिसरा केला नाही. उत्तर मागण्याचा हक्क मला कुठून असणार? उन्हाळा सरता सरता काकूंचा एकदा फोन आला, माझ्या बायकोला. कुठल्याशा हळदीकुंकवात दोघींची ओळख निघाली होती. बोलता बोलता त्या म्हणाल्या की हे परत सकाळी जायला लागलेत, एकटेच जातात, वही नेतात. बायकोने मला ते सांगितलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

परवा हाटात काका समोरून आले. हातात कापडी पिशवी, बरोबर काकू. मला बाजूला होता आलं असतं, गर्दी होती. पण त्यांनी पाहिलं होतं. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली.

“तुमचं काम कसं चाललंय?” त्यांनी विचारलं. अजूनही ‘तुम्ही’च म्हणत होते. पूर्वी त्या ‘तुम्ही’त आपुलकी असायची, आता नुसती रीत होती.

“फारसं बरं नाही काका,” मी म्हटलं. “पुढच्या महिन्यात या टीममधून काढतील असं दिसतंय. दुसरीकडे शोधतोय.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काही विचारतील असं वाटलं. मग शिंगाड्यांच्या ढिगाकडे वळून ते भाजीवाल्याला म्हणाले, “ताजे हैं ना? आधा किलो दे दो.” काकूंनी पिशवी उघडून धरली. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, आणि मग टोमॅटो घ्यायचे होते म्हणून पुढच्या रांगेत गेलो.